गाव शहर होते तेव्हा
हिमायतनगरच्या निमित्ताने नगरपंचायतीची ओळख

ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते त्या दिवशी गावात वरवर फारसे काही बदलत नाही. रस्ते तेच राहतात, नाल्या त्याच राहतात, आठवडी बाजारही त्याच जागी भरतो. कार्यालयाची पाटी आणि शिक्का तेवढा नवा येतो. सरपंचांची मुदत संपलेली असते आणि निवडणूक होईपर्यंत सहसा तहसीलदारच प्रशासक म्हणून खुर्चीवर बसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी सगळा गाव एका घरातून उठून दुसऱ्या घरी राहायला गेलेला असतो. कालपर्यंत लागू असलेला 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आज लागू नसतो. त्याच्या जागी महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 येतो. हा बदल कोणी घरोघरी जाऊन समजावून सांगत नाही. माणसांना तो कळतो तो एखाद्या दाखल्यासाठी, घरकुलासाठी किंवा करवाढीच्या नोटिशीमुळे कार्यालयाची पायरी चढल्यावर. ती पायरी चढण्याआधी वाचकाच्या हाती थोडी माहिती असावी, यासाठी हे लेखन आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर हिमायतनगर तालुका आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका लागतो. जुनी माणसे या गावाला अजूनही वाढोणा म्हणतात. इथले परमेश्वर मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर गावाचे स्थानक आहे. पूर्वी हा भाग हदगाव तालुक्यात होता. स्वतंत्र तालुका झाल्यावर तहसील आली, त्यामागून इतर कार्यालये आली आणि आसपासच्या खेड्यांतून रोजची वर्दळ वाढली. शेती, बाजार आणि सरकारी कचेऱ्या यांच्या आधाराने वाढलेले हे गाव खेडेही राहिले नाही आणि पूर्ण शहरही झाले नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणांची स्थिती अशीच आहे.

राज्यघटनेने अशा गावांचा विचार केलेला आहे. 1992 ची 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने नागरी स्थानिक संस्थांचे तीन प्रकार ठरवले: मोठ्या शहरांसाठी महानगरपालिका, लहान शहरांसाठी नगरपरिषद आणि ग्रामीण रूप सोडून शहरी रूप घेणाऱ्या संक्रमणक्षेत्रासाठी नगरपंचायत. महाराष्ट्रातल्या कायद्याने नगरपंचायतीसाठी साधारण 10 हजार ते 25 हजार लोकसंख्या आणि बिगरशेती रोजगाराचे किमान प्रमाण असे निकष ठेवले. नगरपरिषदांचे लोकसंख्येप्रमाणे अ, ब आणि क असे वर्ग आहेत. 2014 मध्ये राज्य शासनाने आणखी एक धोरण स्वीकारले. तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पण अजून ग्रामपंचायतच असलेल्या गावांना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचा, असे ठरले. हिमायतनगरचे शहर झाले ते याच धोरणातून. नांदेड जिल्ह्यात अर्धापूर, माहूर, नायगाव आणि हिमायतनगर या नगरपंचायती अशा संक्रमणातून घडल्या आहेत. या सर्वांच्या अनुभवाची तुलना महानगरपालिका असलेल्या नांदेड–वाघाळ्याशी किंवा लातूरशी करून चालत नाही. तिथे आयुक्त, उपायुक्त आणि स्वतंत्र विभाग असतात. इथे दोन-तीन अधिकारी, काही लिपिक आणि सफाई कामगार एवढ्यांवर सगळा कारभार चालतो.

मराठवाड्याच्या बाबतीत इतिहासही लक्षात ठेवावा लागतो. ब्रिटिश मुलखात लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावापासून लोकनियुक्त नगरपालिकांची परंपरा हळूहळू रुजत गेली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे नागरी कारभाराची सूत्रे बराच काळ सरकारी अधिकाऱ्यांच्याच हाती राहिली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तेव्हा इथल्या नगरपालिकांसाठी हैदराबाद राज्याचा 1956 चा स्वतंत्र कायदा होता. पश्चिम महाराष्ट्रात 1901 आणि 1925 चे मुंबई इलाख्याचे कायदे चालत होते, विदर्भात 1922 चा मध्यप्रांत–वऱ्हाडचा कायदा होता. या सगळ्यांची जागा 1965 च्या एकाच अधिनियमाने घेतली. पुणे–साताऱ्याच्या जुन्या नगरपालिकांकडे शतकाहून अधिक काळाची सवय आणि दप्तर आहे. हिमायतनगरसारख्या गावाला तेच काम काही वर्षांत शिकायचे आहे. म्हणून इथला नागरिक कारभाराबाबत जितका जाणता होईल, तितकी ही उणीव लवकर भरून निघेल.

नगरपंचायतीचा सांगाडा समजायला अवघड नाही. शहराचे 17 प्रभाग असतात आणि प्रत्येक प्रभागातून एक सदस्य निवडून येतो. हेच आपले नगरसेवक. शिवाय काही स्वीकृत सदस्य घेतले जातात. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि नागरिकांचा मागासवर्ग यांचे आरक्षण वेगळे ठरते. सभेची मुदत 5 वर्षांची. नगराध्यक्ष कसा निवडायचा याबाबत राज्याचे धोरण वारंवार बदलले. 2016 मध्ये थेट जनतेतून निवड आली, 2020 मध्ये ती पुन्हा सदस्यांमधून झाली आणि 2022 मध्ये परत थेट निवडीकडे वळण घेतले गेले. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभेतले बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असे घडू शकते. तसे झाले की प्रत्येक ठरावाला दोन्ही बाजूंची संमती जमवावी लागते. मतदारांनी नगराध्यक्षाला आणि नगरसेवकाला दिलेली मते मग एकमेकांना पूरक ठरतात किंवा एकमेकांना अडवतात.

दुसरी बाजू प्रशासनाची. तिचे प्रमुख मुख्याधिकारी असतात. ते राज्य शासनाच्या संवर्गातले अधिकारी असून बदलीने येतात आणि जातात. सभेने केलेला ठराव अमलात आणणे, कर वसूल करणे, बांधकाम परवाने देणे आणि कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवणे ही त्यांची कामे. त्यांच्या हाताखाली नगर अभियंता, लेखापाल, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक अशी पदे असतात. प्रत्यक्षात ती सगळी भरलेली असतात असे नाही. ग्रामपंचायतीच्या काळातले शिपाई, पंपचालक आणि सफाई कामगार यांना नगरपंचायतीच्या आकृतिबंधात सामावून घेण्याचा प्रश्न राज्यात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रेंगाळला. गावाचे शहर होताना या माणसांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. घंटागाडी वेळेवर यावी असे वाटणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात ठेवावी.

तिसरी बाजू शासनाची. जिल्हाधिकारी नगरपंचायतीवर देखरेख ठेवतात. कायद्याला सोडून असलेला ठराव तहकूब करण्याचा अधिकार त्यांना आहे. त्यांच्यावर नगर परिषद प्रशासन संचालनालय आणि नगरविकास विभाग. हिशेबांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा करते. नगरसेवक, मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी या तीन टोकांमध्ये निर्णयाची दोरी ताणलेली असते. कोणते काम कोणाच्या अखत्यारीत आहे हे माहीत नसेल तर तक्रार घेऊन गेलेला माणूस एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतो.

उदाहरण म्हणून एका गल्लीतली नाली घेऊ. रहिवासी प्रभागाच्या नगरसेवकाकडे मागणी करतात. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येतो, ठराव होतो. नगर अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक तयार करतात. त्याला तांत्रिक मान्यता घ्यावी लागते, मग निधी ज्या योजनेतून यायचा त्याप्रमाणे प्रशासकीय मान्यता. त्यानंतर ई-निविदा निघते, कंत्राटदार ठरतो आणि कार्यारंभ आदेश दिला जातो. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात, त्या नोंदींवर देयक निघते. काम संपल्यावरही दोष दायित्वाचा कालावधी असतो. त्या मुदतीत नाली फुटली, खचली तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. हे सगळे टप्पे ज्याला माहीत आहेत तो नागरिक "नाली कधी होणार?" एवढ्यावर थांबत नाही. तो विचारतो, "ठराव क्रमांक काय, तांत्रिक मान्यता झाली का, कार्यारंभ आदेशाची तारीख कोणती, दोष दायित्व कधी संपते?" अशा प्रश्नांना टोलवाटोलवीचे उत्तर देणे कोणत्याही कार्यालयाला कठीण जाते.

पैशाची बाजूही अशीच उघडून पाहिली पाहिजे. नगरपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजाराच्या जागांचे भाडे आणि निरनिराळी शुल्के. ग्रामपंचायतीत घराची नोंद नमुना 8 मध्ये असायची. आता नगरपंचायतीच्या करआकारणी नोंदवहीत ती येते. दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक करआकारणी होते, तेव्हा मालमत्तांची नव्याने पाहणी केली जाते, यादी प्रसिद्ध होते आणि हरकती मागवल्या जातात. पुष्कळ घरमालक या हरकतीची मुदत चुकवतात आणि मग बिल हाती आल्यावर तक्रार करतात. यादी लागली की आपल्या घराचे क्षेत्रफळ, वापर आणि नाव एकदा तपासून घेण्याचे काम अर्ध्या तासाचे असते, पण त्याने चार वर्षांचा मनस्ताप वाचतो.

स्वतःच्या करांतून लहान शहराचा खर्च भागत नाही. बाकीचा मोठा वाटा राज्य आणि केंद्राच्या अनुदानांतून येतो. 15व्या वित्त आयोगाने 2021–26 या काळासाठी दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच खर्च करण्याचे बंधन लहान शहरांवर होते. आयोगाने आणखी एक अट घातली. हिशेब लोकांना पाहता येतील असे खुले केल्याशिवाय अनुदान मिळत नव्हते. राज्याच्या नगरोत्थान महाअभियानातून रस्ते, पाणीपुरवठा आणि इमारती होतात. वस्ती सुधारणांच्या योजनांतून मागास वस्त्यांत नाल्या आणि दिवे येतात. दरवर्षी नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी सभा अंदाजपत्रक मंजूर करते. त्या कागदावर वर्षभराच्या कारभाराचे खरे प्राधान्यक्रम उमटलेले असतात. कोणत्या प्रभागाला किती रक्कम, पाण्याला किती, दिवाबत्तीला किती, हे त्यात दिसते. निवडणुकीच्या भाषणांपेक्षा हा कागद अधिक स्पष्ट बोलतो.

हिमायतनगरसारख्या गावात पाणी हा पहिला प्रश्न आहे. पावसाळ्यात दुथडी वाहणारी पैनगंगा उन्हाळ्यात कोरडी पडते आणि मग काठच्या गावांतून इसापूर धरणाचे पाणी नदीत सोडण्याची मागणी होते. हे पाणी सोडणे पाटबंधारे खात्याच्या हाती आहे. घरापर्यंत नळ पोहोचवणे, टाकी स्वच्छ ठेवणे, गळती थांबवणे आणि पाण्याचे वेळापत्रक पाळणे हे नगरपंचायतीचे काम आहे. दोन्ही कामांची जबाबदारी वेगळी ओळखली तरच तक्रार योग्य जागी पोहोचते. रस्त्यांचेही तसेच. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, गल्लीतला रस्ता नगरपंचायतीचा. विजेचे खांब आणि रोहित्र महावितरणचे, पथदिव्यांचे बिल नगरपंचायतीचे. ग्रामीण रुग्णालय आरोग्य विभागाचे, जिल्हा परिषदेची शाळा जिल्हा परिषदेची. महाशिवरात्रीच्या यात्रेत हे सगळे विभाग एकाच वेळी कामाला लागतात. पिण्याचे पाणी, फिरती शौचालये, दिवे, सफाई आणि वाहनतळ यांची व्यवस्था नगरपंचायत करते, बंदोबस्त पोलीस ठेवतात, आरोग्य पथक आरोग्य विभागाचे असते. त्या दिवसांत शहराचा कारभार कसा बांधलेला आहे हे सर्वांना उघड दिसते.

शहर झाल्यावर काय मिळाले, हा प्रश्न गावागावांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. मिळाले ते असे: बांधकाम परवान्याची आणि विकास आराखड्याची व्यवस्था, मोठ्या निधीच्या योजनांची दारे, घनकचऱ्याच्या नियमांनुसार ओला आणि सुका कचरा वेगळा गोळा करण्याची चौकट, प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी शाखा. या शाखेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या कुटुंबाला केंद्राचे 1 लाख 50 हजार आणि राज्याचे 1 लाख असे 2 लाख 50 हजार रुपयांचे साहाय्य महाराष्ट्रात मिळत आले आहे. पण इथेच अडचणही आहे. जागेची मालकी कागदावर सिद्ध करावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या गावठाणात राहणाऱ्या अनेक कुटुंबांकडे पक्का उतारा नसतो, काहींचे घर सरकारी जमिनीवर असते. अशा कुटुंबांना घरकुल मंजूर होण्याआधी जागेचा प्रश्न सोडवावा लागतो. गमावले तेही सांगितले पाहिजे. केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीची चौकट ग्रामीण क्षेत्रापुरती आखलेली आहे. शहराच्या हद्दीत राहणाऱ्या पण शेतमजुरीवर जगणाऱ्या घरांना शहरीकरणाची ही किंमत सर्वांत आधी मोजावी लागते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी मतदान करण्याचा हक्कही हद्दीबरोबर जातो.

या सगळ्यांत मोठे नुकसान ग्रामसभेचे झाले, असे मला वाटते. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभेला मान होता. वर्षातून ठरावीक वेळा ती भरवावी लागे, तिच्यात कोणताही मतदार उठून सरपंचाला जाब विचारू शके, लाभार्थ्यांच्या याद्या तिच्यासमोर वाचल्या जात. अनेक गावांत ती नुसती सही-अंगठ्याची सभा होती हे खरे. तरीही ती होती, आणि तिच्यात बोलण्याचा हक्क होता. नगरपंचायतीत असे सर्वांचे व्यासपीठ उरत नाही. 17 सदस्य सभागृहात बसतात आणि बाकीचे शहर बाहेर राहते. महाराष्ट्राच्या नागरी कायद्यांत 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली, पण लहान शहरांत ती अजून सवयीची झालेली नाही. शहर लहान आहे, माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. इथे प्रभागाची सभा भरवणे पुण्या–मुंबईपेक्षा कितीतरी सोपे आहे. नगरसेवकाने वर्षातून दोनदा चौकात बसून आपल्या प्रभागाचा हिशेब मांडायचे ठरवले, तर त्याला अडवणारा कायदा कुठेही नाही.

ग्रामसभेची जागा भरून काढणारी साधने कायद्याने दुसऱ्या रूपात दिली आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार अर्ज केल्यापासून 30 दिवसांत माहिती मिळायला हवी. सभेचे इतिवृत्त, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या नोंदी, देयकांच्या प्रती हे सगळे त्यात मागता येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने दाखले आणि परवानग्यांना मुदत घालून दिली आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिले आणि दुसरे अपील करता येते आणि त्यानंतर थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती नोंदवण्याची संधी मिळते. बाळाचा जन्म 21 दिवसांत नोंदवला तर विलंबशुल्क लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून या जन्मदाखल्याचे महत्त्व आणखी वाढले आहे, कारण त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंतच्या कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच धरला जातो. ही साधने प्रत्येकाने एकट्याने वापरायची आहेत, हा त्यांचा दोष आहे. म्हणून शेजाऱ्यांनी, बचतगटांनी, ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयातल्या तरुणांनी मिळून ती वापरली, तर त्यांतून ग्रामसभेसारखीच शक्ती उभी राहते.

गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख टाळता येत नाही. नागरिकांच्या मागासवर्गाच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये तीन अटींची कसोटी लावली. त्यानंतर न्यायालयीन लढाई आणि प्रभागरचनेचे वाद यांत राज्यातल्या शेकडो स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबत गेल्या. लोकनियुक्त सभा नसताना प्रशासकच कारभार पाहत होते. मे 2025 मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिले आणि 2 डिसेंबर 2025 ला राज्यातल्या अनेक नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी मतदान झाले. हिमायतनगरही त्यात होते. मतमोजणी 21 डिसेंबरला झाली. मधल्या काळात नाल्या झाल्या, दिवे लागले, पण आपल्या गल्लीचा प्रश्न सभेत मांडणारे कोणी नव्हते. चांगला अधिकारीही लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. आता नवी सभा आली आहे. तिला हिशेब विचारणारे नागरिक नसतील, तर प्रशासकाचा काळ आणि सभेचा काळ यांत फारसा फरक उरणार नाही.

या पुस्तकाच्या पुढील प्रकरणांत नगरपंचायतीचा कायदा, सभेचे कामकाज, कर आणि अंदाजपत्रक, पाणी, कचरा, बांधकाम परवाने, घरकुल आणि दाखले यांची ओळख क्रमाने करून दिली आहे. कायद्याची कलमे पाठ व्हावीत असा हेतू नाही. शेतकरी, दुकानदार, आशा कार्यकर्ती, रिक्षाचालक, गृहिणी आणि विद्यार्थी या सर्वांना उपयोगी पडेल इतपतच तपशील दिला आहे. वाचकाने पुस्तक संपल्यावर निदान एक काम करावे: आपल्या नगरपंचायतीचे चालू वर्षाचे अंदाजपत्रक मिळवावे आणि त्यातली आपल्या प्रभागाच्या नावाची ओळ शोधावी. ती सापडली तर ते काम कुठपर्यंत आले हे नगरसेवकाला विचारावे. सापडली नाही तर का नाही, हे विचारावे. हिमायतनगरच्या 17 प्रभागांत असे विचारणारे प्रत्येकी दहा लोक निघाले, तरी सभागृहातल्या चर्चेचा विषय बदलेल, आणि शहराचा दर्जा कागदावरून रस्त्यावर उतरायला सुरुवात होईल.